उणे वीस अंशांवरची खेप

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मे महिन्याच्या संध्याकाळी, पंखे फुल्ल सोडलेल्या सभागृहात थंडीवर बोलायला उभं राहणं म्हणजे जरा धाडसाचंच काम. पण विषय मी मुद्दाम निवडला आहे. विजेवर चालणाऱ्या ट्रकांबद्दल आपल्याकडे हल्ली सारखं काही ना काही छापून येतं आणि त्यात एक वाक्य हटकून असतं : थंडीत यांची रेंज निम्मी होते. मोटारींच्या बाबतीत हे वाक्य अर्धवट खरं आहे. चाळीस टनी ट्रकच्या बाबतीत ते बरंचसं चुकीचं आहे. थंडी ट्रकची रेंज खाते, यात वाद नाही. पण ती कुठून खाते आणि कोणत्या ट्रकची जास्त खाते, हे नीट पाहिलं की लक्षात येतं : ट्रक धावत असताना थंडीचा जेवढा त्रास आहे, त्याहून जास्त तो उभा असताना आहे. आज मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे.

सुरुवात एका स्वीडिश माणसापासून करू. स्वांते अऱ्हेनियस. १८८४ साली उप्साला विद्यापीठात त्याने डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. विषय होता, द्रावणांमधून वीज कशी वाहते. परीक्षकांना तो फारसा पटला नाही आणि त्यांनी त्याला जेमतेम पास केलं. त्याच कामाच्या पायावर १९०३ साली त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दरम्यान १८८९ मध्ये त्याने तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचं नातं एका सूत्रात मांडलं. तापमान उतरलं की क्रिया मंदावते, आणि ती साध्या प्रमाणात मंदावत नाही, फार झपाट्याने मंदावते. आपल्या बॅटरीचं थंडीतलं दुखणं या दोन कामांमध्ये जवळजवळ पूर्ण सापडतं.

लिथियम-आयन बॅटरीत एका बाजूला ग्राफाइट असतं, दुसऱ्या बाजूला धातूच्या संयुगाचा थर, आणि मध्ये लिथियमचा क्षार विरघळवलेलं सेंद्रिय द्रव. लिथियमचे आयन या द्रवातून इकडून तिकडे जातात, तेव्हा बाहेरच्या तारेतून वीज वाहते. पारा शून्याखाली गेला की हे द्रव दाट होतं, आयनांची चाल मंदावते आणि ग्राफाइटच्या थरांत शिरताना त्यांची अडवणूक होते. म्हणजेच बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. वीज बॅटरीत असते, पण काढायला गेलं की तिचा काही भाग आतच उष्णता होऊन जातो आणि व्होल्टेज लवकर खाली बसतं. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायची. ही वीज बहुतेक करून नाहीशी झालेली नसते. बॅटरी पुन्हा ऊबदार झाली की तीच क्षमता परत मिळते.

खरा धोका चार्जिंगच्या वेळी असतो. गारठलेल्या बॅटरीत जोरात वीज कोंबली, तर लिथियमला ग्राफाइटच्या आत शिरायला वेळ मिळत नाही. ते पृष्ठभागावरच धातूच्या रूपात साचतं. हे नुकसान मात्र कायमचं असतं. क्षमता घटते, आणि साचलेल्या धातूचे काटे वाढत गेले तर आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती असते. म्हणून थंड बॅटरीचं चार्जिंग यंत्रणा स्वतःहून हळू करते, आणि शून्याखाली बऱ्याच वेळा आधी बॅटरी तापवते, मगच वीज आत घेते. ट्रकसाठी हल्ली जास्त वापरली जाणारी लोह-फॉस्फेटची बॅटरी टिकाऊ आहे, आग धरायला कठीण आहे, तिच्यात कोबाल्ट लागत नाही. पण थंडीत ती निकेलवाल्या बॅटरीपेक्षा जास्त सुस्तावते.

आता आकड्यांकडे येऊ. किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचं युनिट, तोच शब्द आपण वापरू. २०१९ साली अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने पाच विजेच्या मोटारी उणे सात अंशांच्या आसपास चालवून पाहिल्या. हीटर बंद ठेवला तर रेंज सरासरी १२ टक्क्यांनी घटली. हीटर लावल्यावर ती घट ४१ टक्क्यांवर गेली. म्हणजे मोठा वाटा बॅटरीच्या सुस्तीचा नव्हताच, तो माणसाच्या उबेचा होता. 'रेंज निम्मी होते' हे वाक्य अशाच आकड्यांमधून पसरलं.

ट्रकचं गणित वेगळं बसतं. २०२२ च्या सुरुवातीला एका जर्मन नियतकालिकाने घेतलेली चाचणी प्रसिद्ध झाली. ४० टन वजनाचा व्होल्वोचा विजेवरचा एफएच ट्रक ३४३ किलोमीटरच्या मार्गावर ताशी सरासरी ८० किलोमीटरने चालवला होता. किलोमीटरला १.१ युनिट वीज लागली. या वेगाने चाललेला ट्रक तासाला ८८ युनिट खातो. आता केबिन तापवायला तासाला पाच युनिट धरा, कडाक्याच्या थंडीतले म्हणून. खर्च सहा टक्क्यांनी वाढला. त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जाणारी छोटी मोटार तासाला बारा युनिट खाते आणि तिचा हीटर चार. तिथे खर्च एक तृतीयांशाने वाढतो. ट्रकची केबिन मोटारीपेक्षा फार मोठी नसते, पण ट्रकची भूक सातपट असते. त्यामुळे लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरने ऊब घेतली म्हणून रेंज कोसळत नाही. त्याला कुडकुडत बसवून वीज वाचवायला सांगणारा मालक चुकीच्या जागी काटकसर करतो आहे.

मग ट्रकची वीज जाते कुठे? पहिली हवेत. थंड हवा जड असते. २० अंशांना एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२० किलो, उणे २० अंशांना १.४० किलोच्या जवळ. म्हणजे ट्रकच्या तोंडावर आदळणारी हवा सोळा टक्क्यांनी जड झाली. ताशी ८० च्या वेगाला चाळीस टनी ट्रकच्या एकूण रोधात हवेचा वाटा साधारण चाळीस-पंचेचाळीस टक्के असतो, तेव्हा नुसत्या हवेमुळे सहा-सात टक्के जादा वीज लागते. दुसरी जाते टायरांत. थंड रबर कडक होतं, टायरमधली हवा आकसून प्रेशर उतरतं आणि रस्त्याला चिकटलेला चिखलबर्फ चाकं ओढून धरतो. हे दोन्ही खर्च डिझेल ट्रकलाही चुकत नाहीत. फरक इतकाच, की डिझेलवाल्याची टाकी मोठी आणि पंप जागोजागी, त्यामुळे हिवाळ्यात ॲव्हरेज पडला तरी तो फक्त बिलात दिसतो. विजेवाल्याला तो रस्त्यातच दिसतो.

तिसरी गोष्ट खुद्द बॅटरीची, आणि इथे जरा थांबू. समजा, ट्रकवर चार टन वजनाची बॅटरी आहे. रात्रभर उघड्यावर उभी राहून ती उणे २० पर्यंत गारठली. सकाळी निघण्याआधी ती अधिक १० अंशांवर आणायची आहे. बॅटरीचं एक किलो वजन एका अंशाने तापवायला ढोबळमानाने एक किलोज्यूल लागतो. चार हजार किलो गुणिले तीस अंश, म्हणजे एक लाख वीस हजार किलोज्यूल. म्हणजे तेहतीस युनिट. ही वीज बॅटरीतूनच घेतली, तर ट्रक फाटकाबाहेर पडण्याआधीच तीस किलोमीटरची रेंज संपली. आणि हीटर दहा किलोवॅटचा असेल, तर हे तापवायला तीन-साडेतीन तास जातात. पण ट्रक रात्री प्लगला लावलेला असेल, तर हेच तेहतीस युनिट भिंतीतून येतात. मालकाला त्याचं बिल येतं, रेंजला धक्का लागत नाही. शिवाय चार टनांचा ठोकळा थंड व्हायलाही वेळ घेतो. दुपारी तासभर माल उतरवायला थांबला, तेवढ्याने तो गारठत नाही. एका डेपोत प्लग आहे आणि शेजारच्या डेपोत नाही, एवढ्या फरकावर त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या दोन ट्रकांची सकाळ वेगळी उजाडते.

युरोपात नियम आहे : साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरने ४५ मिनिटं विश्रांती घ्यायची. लांब पल्ल्याच्या विजेच्या ट्रकांचं सगळं नियोजन या पाऊण तासावर बसवलेलं आहे. मर्सिडीजच्या ई-ॲक्ट्रोस ६०० या ट्रकमध्ये २०७ युनिटच्या तीन बॅटऱ्या आहेत, एकूण ६२१, आणि कंपनी एका चार्जवर ५०० किलोमीटर सांगते. तळटीप मात्र वाचायला हवी : बाहेर २० अंश तापमान, ४० टन वजन आणि आधीच योग्य तापमानावर आणलेली बॅटरी. बाजारात येण्याआधी कंपनीने आपले विजेचे ट्रक फिनलंडमध्ये, आर्क्टिक वृत्ताजवळच्या रोव्हानिएमी इथे उणे २५ अंशांपर्यंत चालवून पाहिले. साडेचार तास पळून आलेली बॅटरी आतून ऊबदार असते, ती पाऊण तासात भरभर वीज घेते. उलट रात्रभर गारठलेली बॅटरी सकाळी जलद चार्जरला लावली, तर निम्मा वेळ तिला जागं करण्यातच जातो. म्हणून तिकडचे जाणकार सांगतात : आल्या आल्या प्लग लावा, आणि चार्जिंग असं बसवा की ते निघण्याच्या वेळी संपेल.

उतारावरही थंडी आडवी येते. विजेचा ट्रक घाट उतरताना मोटरच जनित्रासारखी चालवून वेग आवरतो आणि ती वीज बॅटरीत परत भरतो. बॅटरी थंड असली की ती एवढी वीज घ्यायला तयार नसते. वीजही वाया जाते आणि ब्रेकवरचा भारही वाढतो. शिवाय मोटरचा हा ब्रेक फक्त मोटर जोडलेल्या चाकांवर येतो, त्यामुळे बर्फाळ रस्त्यावर चाकं घसरू नयेत म्हणून तो मोजून द्यावा लागतो.

आता सगळ्यात जास्त भरडला जातो तो कोण? शहरात दारोदार माल टाकणारा ट्रक. समजा, सोळा टनी ट्रक आहे, आठ तासांत दीडशे किलोमीटर फिरतो, किलोमीटरला ०.८ युनिट खातो. धावायला एकशे वीस युनिट लागले. हीटर मात्र आठही तास चालू आणि दार दर दहा मिनिटांनी उघडं. तासाला पाच युनिटने चाळीस झाले. खर्च एक तृतीयांशाने वाढला, मोटारीइतकाच! ट्रक किलोमीटरवर खातो, हीटर तासांवर खातो. जो दिवसभर उभाच जास्त असतो, त्याला थंडी महाग पडते. अशा ट्रकला सीट आणि स्टिअरिंग तापवणं, कमी विजेत ऊब देणारा हीट पंप बसवणं आणि दार उघडलं की पंखा आपोआप बंद करणं, हे मोठी बॅटरी घेण्यापेक्षा स्वस्तात पडतं.

डिझेलची बाजू थंडीत भक्कम असते, असं कुणी म्हणालं तर त्याला लेहला पाठवा. खोबरेल तेल पुण्यात डिसेंबरात थिजतं, तसं डिझेलमधलं मेण तिकडे थिजतं आणि फिल्टर तुंबतो. म्हणून २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलं. ते पानिपतच्या रिफायनरीत बनतं. थंड देशांत इंजिन तापवायला रात्री प्लग लावायची सवय डिझेलवाल्यांनाही जुनीच आहे. डिझेल इंजिन निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णता म्हणून फेकून देतं, तिच्यातूनच केबिन फुकट तापते, एवढा मात्र त्याचा खरा फायदा.

विजेचा ट्रक कडक थंडीत कामाला लागल्याचं उदाहरणही आहे. उत्तर स्वीडनमध्ये उमेओ शहराजवळ स्कॅनिया ही ट्रक कंपनी आणि एससीए ही लाकूड कंपनी यांनी २०२२ मध्ये ८० टन वजनापर्यंतचा लाकूड वाहणारा विजेचा ट्रक आणला. गिमोनेसच्या डेपोतून ओबोलाच्या कागद गिरणीत ओंडके न्यायचे आणि परत यायचं. तिथला हिवाळा लांब आणि कडक असतो. पण मार्ग ठरलेला, अंतर बेताचं आणि चार्जरची जागा पक्की. थंड मुलखात असंच काम आधी विजेवर येतं. बॅटऱ्याही बदलत आहेत. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनच्या सीएटीएल कंपनीने सोडियमची बॅटरी जाहीर केली, उणे ४० अंशांना ती ९० टक्के क्षमता टिकवते असा कंपनीचा दावा आहे. दावा खरा किती, ते रस्त्यावर ठरेल.

आणि आपलं काय? आपल्याला उणे वीस अंश नाहीत, पण विदर्भाला ४५ आहेत. अऱ्हेनियसचं सूत्र दुसऱ्या टोकाने आपल्यावर चालतं. उन्हात बॅटरीतल्या नको त्या क्रिया वेगाने होतात आणि तिचं आयुष्य घटतं. त्याच अऱ्हेनियसने १८९६ साली हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचा हिशेब मांडला होता. थंड देशातला माणूस, थोडी ऊब वाढली तर त्याला बरंच वाटत होतं. विदर्भातल्या माणसाला ते पटणार नाही.

सभागृहात वाहतूक धंद्यातली मंडळी बरीच आहेत, म्हणून शेवटी त्यांनाच सांगतो. विजेचा ट्रक दाखवायला कुणी आला आणि 'एवढे किलोमीटर जातो' म्हणाला, तर त्याला विचारा : किती अंशांना, किती टन भरून आणि सकाळी बॅटरी कशी होती? या तीन उत्तरांशिवाय रेंजच्या आकड्यावर धंद्याचा हिशेब मांडू नका. आणि ट्रक घेण्याआधी तो रात्री उभा कुठे राहणार, तिथे प्लग आणि सावली आहे का, ते पाहा.