घरची शुश्रूषा आणि उमेदवारी

जळगांव किंवा धुळें शहरांतील एखाद्या घरीं वृद्ध माता पक्षाघातानें अंथरुणास खिळते. मुलगा पुण्यास, मुलगी सुरतेस. दोघेंही चार दिवसांची रजा काढून येतात, डॉक्टरांशीं बोलतात, औषधांची व्यवस्था लावतात आणि जातां जातां एक बाई ठरवून जातात. बाई मनाची प्रेमळ असते, अंगमेहनतीस मागें सरणारी नसते. तथापि दुसऱ्या आठवड्यांत म्हातारीच्या माकडहाडापाशीं कातडी लाल होते आणि तिसऱ्यांत तेथें जखम पडते. दोष कोणाचा? बाईचा खचित नव्हे. दर दोन तासांनीं कूस पालटावी, चादरीस सुरकुती राहूं देऊं नये, लाल झालेली जागा चोळूं नये, हें तिला कोणीं सांगितलेंच नव्हतें. उलट ती बिचारी तेल घेऊन नेमकी तीच जागा चोळीत बसली होती!

श्रोतेहो, हें ज्ञान फार गहन आहे असें नाहीं. तें फळ्यावर लिहून एका दुपारींहि सांगतां येईल. परंतु निश्चल पडलेल्या देहाचा गुडघा आधीं दुमडून, मग खांदा व कंबर यांना एकदम आधार देऊन, त्यास कुशीवर कसें वळवावें, हें जाणत्या परिचारिकेच्या शेजारीं उभें राहून, तिच्या हाताखालीं दहा वेळां केल्यावांचून अंगवळणीं पडत नाहीं. उचलणारीनें स्वतःचे गुडघे वांकवावे, पाठ वांकवूं नये; न पेक्षां थोड्याच दिवसांत तीच रुग्ण होऊन बसावयाची. भरविण्याचेंहि तसेंच. पक्षाघाताच्या रुग्णास उठवून बसवावें, कळण्याची भाकरी ताकांत मऊ कुस्करून लहान घांस द्यावा, लुळ्या बाजूच्या गालांत अन्न सांचलें आहे काय तें पहावें, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास आडवें होऊं देऊं नये. खानदेशचा वैशाख तर सर्वांच्या परिचयाचा आहे. वृद्धांस तहान लागल्याचें नीटसें उमगत नाहीं. म्हणून मागण्याची वाट न पाहतां पाणी द्यावें लागतें. आणि किती द्यावें हें डॉक्टरांस आधींच विचारून ठेवावें, कारण हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या कांहीं विकारांत त्यासहि मर्यादा असते.

हाताखालीं राहून शिकण्याची ही रीत नवी नव्हे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नांवें १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत जी शाळा निघाली, तींतील विद्यार्थिनी रुग्णांच्या खाटांपाशींच शिकत, आणि त्यांच्या राहण्याजेवण्याची सोय करून हातखर्चासहि कांहीं दिलें जाई. पुण्यास १९०९ सालीं सेवासदन स्थापन झालें. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं त्या संस्थेनें विधवा स्त्रियांस ससून रुग्णालयांत परिचारिकेचें काम शिकण्यास धाडलें. परपुरुषास व परजातीच्या रुग्णास स्पर्श करणें हें ज्या काळीं भल्या घरच्या स्त्रीस न शोभणारें मानीत, त्या काळची ही गोष्ट आहे. त्या स्त्रियांनीं काय काय ऐकून घेतलें असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आजच्या कायद्यांतहि उमेदवारीस जागा आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमान्वयें उमेदवारास शिकत असतांना विद्यावेतन द्यावें लागतें. आणि २०१९ च्या नियमांनीं ३० किंवा अधिक माणसें राबणाऱ्या आस्थापनांस उमेदवार घेणें बंधनकारक केलें. चारांहून कमी माणसांच्या आस्थापनेस उमेदवार घेतां येत नाहीं. मग एका म्हातारीचें घर तें काय! उमेदवारी घरास बांधतां येत नाहीं, ती रुग्णालयासच बांधली पाहिजे. धुळ्यास भाऊसाहेब हिरे यांच्या नांवाचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगांवास २०१८ पासून तसेंच महाविद्यालय चालू झालें. अशा ठिकाणीं कांहीं महिने खाटांपाशीं काढावे, पुढें अनुभवी परिचारिकेसमवेत घरोघर जावें, आणि तेवढा सारा काळ विद्यावेतन चालू रहावें, हा मार्ग सरळ दिसतो. जून २०२१ मध्यें महामारीच्या निकडींत केंद्र सरकारनें थोड्या मुदतीचे वर्ग काढले, त्यांतील सहा कामांत गृहशुश्रूषा हेंहि एक होतें. निकड सरली, अंथरुणास खिळलेलीं माणसें आहेत तेथेंच आहेत.

घरच्या मंडळींसहि थोडें शिकावें लागेल. इन्सुलिन टोंचणें, मूत्रनलिका बदलणें हीं कामें साहाय्यिकेचीं नव्हत, तीं परिचारिकेचीं. आणि पाहुणे आले म्हणून तिला पोळ्या लाटावयास बसवणें, हेंहि तिच्या करारांत नसतें! तिच्या रात्रीच्या झोंपेची मात्र व्यवस्था हवी, कारण दर दोन तासांनीं उठणारें माणूस दिवसाहि जागेंच राहील, हा हिशेब कोठेंच जुळत नाहीं.

खानदेशांतील मुलगी येथेंच शिकली तर आणखी एक लाभ आहे. दुखण्यांत कित्येक वृद्धांची पुस्तकी मराठी गळून पडते आणि बाळपणची अहिराणी तेवढी तोंडांत राहते. "काय दुखस, माय?" असें कोणी विचारलें, तर जी म्हातारी डॉक्टरांपुढें गप्प बसते, ती बोलूं लागते. कूस कितीं वाजतां पालटली, पाणी किती गेलें, लघवीचा रंग कसा होता, हें साहाय्यिकेनें वहींत लिहिलेलें असतें; त्याच पानावर तिनें म्हातारीचें तें उत्तरहि टिपून ठेवावें, म्हणजे रात्रीं पुण्याहून मुलाचा फोन येईल तेव्हां त्याला वाचून दाखवितां येईल.