स्वस्त कॅमेरा घ्यावा काय?



प्रत्येकाच्या खिशात छायाचित्रे टिपणारा फोन असताना रोल घालून चालवायचा कॅमेरा विकत घ्यावा काय, असा प्रश्न कोणी केल्यास पुष्कळांना तो चमत्कारिक वाटेल. तथापि शहरांतून, आणि आता आमच्या सोनपेठेसारख्या तालुक्याच्या गावातूनही, हा प्रश्न विचारणारे तरुण भेटू लागले आहेत. वडिलांच्या काळातील कॅमेरे माळ्यावरून खाली येऊन पुन्हा विकले जात आहेत. प्लास्टिकचे स्वस्त कॅमेरे नव्याने निघाले आहेत. आणि पेंटॅक्ससारख्या जुन्या नावाने २०२४ साली रोलवर चालणारा अगदी नवा कॅमेरा बाजारात आला. तेव्हा हे केवळ खूळ आहे असे म्हणून प्रश्न बाजूला सारणे बरे नव्हे. ज्या घरातील मुलांनी असा हट्ट धरला आहे, किंवा ज्या सेवानिवृत्त गृहस्थास आता थोडी फुरसत लाभली आहे, अशांसाठी या प्रश्नाची दोन्ही अंगे पाहावीत, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम पैशाची गोष्ट बोलू. कारण छंद मनात उपजत असला तरी तो जगतो खिशाच्या बळावर. अमेरिकेतील जॉर्ज ईस्टमन याने १८८८ साली ‘कोडॅक’ नावाचा पेटीसारखा कॅमेरा विकावयास काढला. त्याची किंमत पंचवीस डॉलर होती व आत शंभर छायाचित्रांची फिल्म भरलेली असे. ती संपली की सबंध कॅमेराच कारखान्यात पाठवावयाचा. तेथे फिल्म धुऊन, चित्रे छापून, नवी फिल्म भरून तो परत येई, आणि या कामाचे दहा डॉलर पडत. पुढे १९०० साली त्याच कंपनीने ‘ब्राउनी’ कॅमेरा अवघ्या एका डॉलरला दिला. यंत्र इतके स्वस्त देण्यात व्यापाऱ्याचा तोटा नव्हता. पेटी एकदाच विकली जाते, फिल्म मात्र पुनःपुन्हा विकली जाते, हे ईस्टमनने ओळखले होते. आपणही कॅमेऱ्याच्या किमतीकडे पाहण्याआधी हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता आपल्या घरचा हिशेब मांडू. पस्तीस मिलिमीटरच्या साध्या रंगीत रोलला हल्ली हजार रुपयांच्या आसपास पडतात. तो धुऊन, त्याची चित्रे संगणकात उतरवून घेण्यास व टपालखर्चास मिळून आणखी पाचशे धरू. दीड हजारात छत्तीस छायाचित्रे. म्हणजे एकेकाला सुमारे बेचाळीस रुपये. महिन्याला एक रोल वापरणारा मनुष्य वर्षाला अठरा हजार रुपये खर्च करील. मग कॅमेरा दोन हजाराला मिळाला काय किंवा तीन हजाराला मिळाला काय, वर्षअखेरीस त्या फरकाला फारसा अर्थ उरत नाही. उलट ऋतुमानाप्रमाणे वर्षात चारच रोल वापरण्याचा नेम केला, तर सहा हजारांत भागते. अर्ध्या चौकटीचे म्हणून जे कॅमेरे येतात, त्यांत छत्तीसच्या रोलवर बहात्तर चित्रे निघतात आणि खर्च निम्म्यावर येतो. मात्र चित्राचा ठसा लहान असल्यामुळे मोठी प्रत तितकी स्पष्ट येत नाही, आणि बहात्तर चित्रे संपेपर्यंत पहिल्या चित्राची हकीकत विसरून जाते.

रोल इतके महाग का, असेही कोणी विचारील. एके काळी उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात ‘इंदू’ नावाची कृष्णधवल फिल्म तयार होत असे. १९६० साली स्थापन झालेला तो कारखाना आता बंद पडला आहे, आणि आज आपल्या हाती येणारी फिल्म परदेशातून येते. गावोगावच्या ज्या फोटोवाल्यांकडे पूर्वी रोल धुतले जात, त्यांनी ती यंत्रे केव्हाच मोडीत काढली. आमच्यासारख्यांना रोल पुण्यामुंबईस पाठवावा लागतो व निकालाची वाट पाहावी लागते.

इतके ऐकूनही ज्याचा उत्साह टिकला असेल, त्याने कोणता कॅमेरा घ्यावा? स्वस्तात दोन प्रकार मिळतात. पहिला नव्या प्लास्टिकच्या कॅमेऱ्यांचा. त्यात भिंग प्लास्टिकचे, झडपेचा वेग एकच, आणि अंतर जुळविण्याची सोय नाही. लख्ख उन्हात किंवा त्याच्या झोतदिव्याच्या टप्प्यात तो बरे काम देतो. सायंकाळी ओसरीवर किंवा माजघरात त्याच्याकडून काही अपेक्षा करू नये. ज्यांनी पूर्वी आपल्या देशात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री वापरला आहे, त्यांना ही मर्यादा नवी नाही. १२० क्रमांकाच्या रोलवर बारा चौकोनी चित्रे देणारा तो साधा कॅमेरा घेऊन पुष्कळ कुटुंबांनी आपल्या सहलींचे आल्बम भरले. पण त्या आल्बमांतून घरातील आतली बाजू क्वचितच दिसते, सगळी मंडळी अंगणात उन्हात डोळे बारीक करून उभी असतात.

दुसरा प्रकार जुन्या, हाताने चालविण्याच्या कॅमेऱ्यांचा. तो घेताना चार गोष्टी पाहाव्या. मागील झाकण उघडून भिंग उजेडाकडे धरावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय, आणि आपल्याकडील पावसाळी दमट हवेत ती वाढतच जाते. झडप निरनिराळ्या वेगांवर उघडून पाहावी. एक सेकंदाचा वेग आणि शंभराव्या भागाचा वेग कानाला सारखाच लागला तर यंत्र थकले आहे असे समजावे. झाकणाच्या कडेचा काळा स्पंज बोटाला चिकट लागला तर उजेड आत शिरून रोल बिघडेल. आणि जुन्या कॅमेऱ्यातील प्रकाशमापक पाऱ्याच्या ज्या विजेरीवर चालत, ती आता तयार होत नाही. म्हणून विजेरीवाचूनही ज्याची झडप चालते असाच कॅमेरा पत्करावा. प्रकाशमापक नसला तरी अडत नाही. फिल्म १०० वेगाची असेल तर लख्ख उन्हात भिंगाचे छिद्र १६ या आकड्यावर ठेवावे आणि झडप सेकंदाच्या सव्वाशेव्या भागावर. छायाचित्र बहुधा बरोबर येते. हा नियम जुना आहे आणि मराठवाड्याच्या उन्हात तो विशेष उपयोगी पडतो.

उन्हाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक सांगतो. वैशाखात आमच्याकडे पारा त्रेचाळीस अंशांच्या घरात जातो. अशा हवेत रोल पत्र्याच्या खोलीत किंवा उभ्या मोटारीत राहिला तर त्यावरील रसायने बिघडतात व रंग मळकट होतात. रोल शीतकपाटात ठेवावा, आणि वापरण्यापूर्वी तो डबीतच तासदोन तास बाहेर ठेवून मग उघडावा, नाहीतर त्यावर दव धरते. कृष्णधवल रोल घरी धुता येतो व त्याने खर्चही वाचतो. परंतु त्यास लागणारे द्रावण वीस अंशांच्या आसपास असावे लागते. आमच्या नळाला उन्हाळ्यात तसले पाणी कोठून येणार? यास्तव हा उद्योग कार्तिकापासून माघापर्यंत करावा, आणि इतर महिन्यांत बर्फाची तजवीज ठेवावी.

येथवर यंत्राचे बोललो. खरा प्रश्न पुढेच आहे, आणि तो हा की, या कॅमेऱ्याने आपण टिपणार काय?

आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार म्हणून राजा दीनदयाळ यांचे नाव गाजले. हे गृहस्थ रुरकीच्या कॉलेजात स्थापत्य शिकले आणि इंदूर येथे बांधकाम खात्यात नोकरीस लागले. १८७४ च्या सुमारास, नोकरी सांभाळून, त्यांनी छंद म्हणून कॅमेरा हाती घेतला. नकाशे काढणाऱ्या माणसाची नजर त्यांच्यापाशी होती. इमारतीची उंची, कमानीची छाया, अंतराचे प्रमाण ही त्यांना अगोदरच दिसत होती. कॅमेऱ्याने ती नजर दिली नाही, तिला साधन दिले.

दुसरे उदाहरण आपल्या त्र्यंबकेश्वरच्या धुंडिराज गोविंद फाळके यांचे. १९१२ साली त्यांनी लंडनहून चित्रपट घेण्याचे यंत्र आणले. ते आणल्यावर त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले, आणि कुंडीसमोर यंत्र ठेवून महिन्याहून अधिक काळ थोडी थोडी फिल्म घेत राहिले. ‘अंकुराची वाढ’ या नावाची ती लहानशी फिल्म पाहूनच त्यांच्या पुढील उद्योगास भांडवल मिळाले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे ही कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी शिकून घेतली होती. या कथेतील आपल्या उपयोगाचा भाग कुंडीचा आहे. काय टिपावयाचे हे ठरले असले म्हणजे घरातील एक कुंडी पुरते. ते ठरले नसेल तर सारे जग फिरूनही रोल वायाच जातो.

आणि येथे एक गोष्ट मला मनापासून सांगावयाची आहे. आमच्या घरात माझ्या आजोबांचे एक छायाचित्र आहे. कसल्याशा सरकारी कागदासाठी ते काढले होते. आजीचे एकही नाही. तिच्या नाकाची ठेवण माझ्या धाकट्या बहिणीला आली आहे असे जुनी माणसे सांगत. ती माणसेही आता राहिली नाहीत, त्यामुळे ते पडताळून पाहण्याचा मार्ग उरला नाही. बायकांची छायाचित्रे नसणे ही त्या काळी घरोघरची रीत होती. दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा काढून तेथे स्त्रीच्या हाती कॅमेरा दिला. पण ती सोय राजधानीत व श्रीमंतांना. खेड्यातील आजीपर्यंत ती पोहोचली नाही.

आज याच्या उलट स्थिती आहे. घरातील वृद्ध माणसाची शेकडो चित्रे फोनमध्ये असतात, आणि फोन पाण्यात पडला की एका क्षणात सगळी जातात. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, आपल्या घरी कोणी वृद्ध असेल तर त्याचे चांगले छायाचित्र काढण्यासाठी कॅमेऱ्याची वाट पाहू नका. नवशिक्याचा पहिला रोल पुष्कळदा फसतो. आजीच्या एकुलत्या एका चित्राचा भार त्यावर टाकणे शहाणपणाचे नाही. ते चित्र उद्याच फोनने काढा, फोटोच्या दुकानात जाऊन चांगल्या कागदावर उतरवून घ्या, मागे पेन्सिलीने नाव व तारीख लिहा. एवढ्याने आठवणीचे काम पुरे होते, आणि त्यासाठी रोलचा कॅमेरा घेण्याचे कारण नाही.

मग तो कोणी घ्यावा? ज्याला पाहावयास शिकायचे आहे, त्याने. छत्तीसच चित्रे हाती आहेत आणि प्रत्येकास बेचाळीस रुपये पडणार आहेत, हे ठाऊक असले की मनुष्य बोट दाबण्यापूर्वी थांबतो. उजेड कोठून येतो, मागे काय उभे आहे, चेहऱ्यावर सावली कशी पडली आहे, हे पाहतो. हाच त्या कॅमेऱ्याचा लाभ, आणि माझ्या मते तो खर्चाच्या मानाने लहान नाही.

तथापि आपल्याला तो लाभ मानवेल की नाही हे पैसे मोजण्यापूर्वी अजमावता येते. एक महिना आपल्या फोनवरच रोलचा नियम पाळा. महिन्यात छत्तीसच छायाचित्रे काढा. काढलेले चित्र लगेच पाहू नका, पुसू नका, दुसऱ्यांदा काढू नका. विषय एकच ठरवा: आपल्या गल्लीतील दारे, सोनपेठचा आठवडे बाजार, शेजारच्या शिंप्याचे हात, काहीही. महिना संपल्यावर सर्व छत्तीस चित्रे, बिघडलेली सुद्धा, कागदावर उतरवून जेवणाच्या पाटाएवढ्या जागेत मांडून पाहा. त्यांतील चारपाच चित्रे पुन्हा पाहाविशी वाटली आणि बाकीची का बिघडली हे जाणण्याची उत्सुकता मनात आली, तर जुना, हाताने चालणारा, बुरशी नसलेला कॅमेरा खुशाल घ्या आणि वर्षाला चार रोलांचा नेम ठेवा. तो महिना जर अर्ध्यावरच कंटाळवाणा झाला, तर आपले दोनतीन हजार रुपये वाचले असे समजा. आणि त्यातले थोडे पैसे घरातील वडील माणसांचे चित्र चौकटीत बसवून घेण्यास लावा.