विरजणाचे शास्त्र आणि चुलीचा जाळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



शेतीविषयक नव्या संशोधनावर मी चार शब्द बोलावे, अशी आपली आज्ञा आहे. विषय भारदस्त खरा. पण त्याचे मर्म कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. जमिनीतून आलेले जमिनीला परत जावे आणि मधल्या वाटेवर त्यातले काही वाया जाऊ नये, एवढेच ते मर्म. त्यातले एकच उदाहरण मी घेते, ते म्हणजे गोबरगॅसचे.

शेणाच्या गोवऱ्या थापून जाळणे ही आपली जुनी रीत. परंतु गोवरी जळली की तिच्यातले नत्र धुराबरोबर निघून जाते, आणि साध्या चुलीत तिच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो. तेच शेण हवाबंद टाकीत कुजवले, तर सूक्ष्म जीवाणू त्यातून मिथेन हा जळाऊ वायू काढतात. आणि नत्र, स्फुरद व पालाश मागे उरणाऱ्या पातळ खतात शिल्लक राहतात. एकाच शेणातून जाळही मिळतो आणि खतही!

ही युक्ती काल-परवाची नव्हे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ साली मैल्यापासून असा वायू काढला होता. १९३९ च्या सुमारास एस. व्ही. देसाई यांनी दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेत शेणावर प्रयोग केले. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या झाकणाचे यंत्र बनवले, आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने ते खेडोपाडी नेले.

मग ठिकठिकाणी ही यंत्रे बंद का पडली? घरगुती यंत्राला चार-पाच जनावरांचे शेण रोज लागते, आणि जेवढे शेण तेवढेच पाणी. ट्रॅक्टर आले, गोठे रिकामे झाले. जिथे गोठा भरलेला होता तिथे ते पाणी कोणी आणायचे? बहुधा घरच्या बाईनेच! लाकडाची मोळी उतरली खरी, पण तिच्या जागी हंडा आला.

पुण्याच्या ‘आरती’ ह्या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी ह्या कोड्याकडे निराळ्या बाजूने पाहिले. शेण म्हणजे जनावराने सत्त्व काढून घेतल्यावर उरलेला चोथा. तो जीवाणूंना देण्यापेक्षा त्यांना अन्नच दिले तर? उरलासुरला भात, खराब पीठ, नासकी फळे, पेंड असे पदार्थ त्यांनी घालून पाहिले. शेण जिथे पाट्यांनी लागे, तिथे हे पदार्थ किलो-दोन किलोंनी काम देऊ लागले. यंत्र लहान झाले, गच्चीवरही मावू लागले. ह्या कामाला २००६ साली इंग्लंडमधील ॲश्डेन पारितोषिक मिळाले.

शेण मात्र अगदीच सुटले नाही. टाकी सुरू करताना ते घालावे लागते, विरजणासारखे! आणि विरजणाचे नियम इथेही पाळावे लागतात. थंडीत जीवाणू मंदावतात. अन्न एकदम जास्त झाले, तर आम्ल साचून टाकी आंबते आणि गॅस थांबतो. मग काही दिवस भरणा बंद ठेवावा लागतो. नारळाच्या करवंट्या, हाडे, प्लॅस्टिक हे टाकीला चालत नाही. हे शास्त्र कोणाला शिकवायला हवे? रोज दही लावणारीला त्यातले निम्मे येतेच.

म्हणून माझे सांगणे असे की, यंत्र कोणतेही असो, त्याची पहिली परीक्षा गॅस किती निघाला ही नव्हे. बाईच्या डोक्यावरचे ओझे उतरले का आणि शेताचे शेताला परत गेले का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. यंत्र बसवण्यापूर्वी ते रोज सांभाळणारीचे मत घेतले पाहिजे.

आपल्या मंडळाने उद्याच टाकी विकत घ्यावी, असे मी म्हणत नाही. एक महिनाभर प्रत्येकीने घरचा ओला कचरा वेगळा ठेवावा आणि रोज तराजूत घालून वहीत मांडावा. किती निघतो, सणावाराला किती वाढतो, टाकीजोगा किती, नुसत्या खताजोगा किती, हे त्यातून कळेल. पुढच्या सभेत त्या वह्या समोर ठेवूनच निर्णय करू. टाकी झालीच, तर तिचे खत कोणाच्या बागेत वा शेतात जाणार, हेही त्याच दिवशी ठरवू. नाहीतर वर्तुळ अर्धेच राहील.