भीतीचा पत्ता



अध्यक्षीय भाषणासाठी भारदस्त विषय घ्यावा, असं मला सुचवलं गेलं होतं. मी भुतं निवडली. तीही दहा ते तेरा वर्षांच्या वाचकांची.

या वयासाठी भुताखेतांची साहसकादंबरी मराठीत आहे किती? 'चांदोबा'तला वेताळ विक्रमाच्या खांद्यावरून उतरला, की मूल थेट नारायण धारपांच्या भयकथांच्या तावडीत सापडायचं. मीही अकराव्या वर्षी सापडलो आणि महिनाभर रात्री एकट्याने अंगणात गेलो नाही. मधली पायरी बांधली ती भा. रा. भागवतांनी. फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे सायकलवर टांग मारून निघाला, की काळोखाचीही सोबत वाटायची. रत्नाकर मतकरींनी मुलांसाठी रंगमंचावर चेटकीण नाचवली. त्यांच्या गूढकथा मात्र मोठ्यांच्या. 2017 साली फास्टर फेणेला पडद्यावर आणणाऱ्या आदित्य सरपोतदारांनीच 2024 साली 'मुंज्या' केला, हिंदीत. आपल्या पिंपळावरचा मुंजा हिंदी बोलू लागला आणि आपलीच पोरं तिकीट काढून गेली. दिग्दर्शकावर माझा राग नाही, आपल्यावर आहे.

आपण काय लिहितो? जुना बंगला, वादळी रात्र, करकरणारं दार. हे सगळं इंग्रजी पुस्तकांतून उचललेलं. अहो, आपल्या शनिशिंगणापुरात परंपरेने घरांना दारंच नसतात, करकरणार काय?

आपल्या भीतीला आपला पत्ता द्या. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात पिंड आहे. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. तोही पडला की जग बुडेल, असं सांगतात. यात ज्याला कादंबरी दिसत नाही, त्याने पाठ्यपुस्तकं लिहावीत. नगरजवळच्या डोंगरावरची तीन मजली इमारत सगळे चांदबिबीचा महाल म्हणून ओळखतात. आत थडगं आहे सलाबतखानाचं. नाव एकीचं आणि मुक्काम दुसऱ्याचा, याहून चांगलं रहस्य विकत तरी मिळेल का?

आणि बिबट्या. नगरकडच्या अकोले खोऱ्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला. दर शंभर चौरस किलोमीटरला साधारण पाच प्रौढ बिबटे निघाले, तेही भरवस्तीच्या, उसाच्या मुलखात. तो अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. गावाला ही गोष्ट आधीच माहीत होती. पाथर्डीकडचं ऊसतोड कामगाराचं पोर फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, झोपतं, तेव्हा सळसळ वाऱ्याची की पावलांची, हे त्याला ओळखावं लागतं. वाट चुकली तर चकवा लागला म्हणतात, तो त्याच्या घरातला शब्द आहे. ते पोर आपल्या एकाही साहसकथेचा नायक असल्याचं मला आठवत नाही.

भुतांमुळे अंधश्रद्धा वाढेल, असा आक्षेप येतो. मी तो हसण्यावारी नेत नाही. मांत्रिकाच्या नादाने उद्ध्वस्त झालेली घरं मी पाहिली आहेत. पण उपाय म्हणून शेवटच्या पानावर भुताचा पांढरा सदरा काढून आत तस्कर दाखवायचा, हा कंटाळवाणा झाला. मुलं तस्कराला तिसऱ्या प्रकरणातच ओळखतात. द. मा. मिरासदारांनी 'भुताचा जन्म'मध्ये भूत माणसांच्या तोंडातून कसं जन्माला येतं ते दाखवलं, तेही पोट धरून हसवत. उपदेशाचं एक वाक्य न लिहिता. मुलांच्या कादंबरीत एखादी गोष्ट उलगडू नये. केदारेश्वराचं पाणी गारच राहू द्यावं. नायकाने मात्र त्यात उतरायला हवं, दात वाजत असले तरी.

प्रकाशकांना एक विनंती. अशी कादंबरी आलीच, तर गुळगुळीत कागदाचा सोस नको. किंमत शाळेच्या वाचनालयाला झेपेल अशी ठेवा आणि अक्षर कोपीतल्या बॅटरीच्या उजेडात लागेल एवढं मोठं घ्या.