माशाच्या पोटात काय आहे?

(कापणीच्या सणाच्या उपासनेनंतर मंडळीपुढे केलेले भाषण)



दोन वर्षांपूर्वी याच सणाला आपण मत्स्यबीजासाठी दान दिले होते. त्याचा हिशेब द्यायला मी उभा आहे. त्या हिशेबात माझी एक चूक आहे, तीही सांगतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील ज्या गोंड वस्तीत आपण काम करतो, तिच्याशेजारी कोळशाची एक बंद खदान आहे. लोकांची शेते त्या खड्ड्यात गेली. कोळसा संपला, पंप थांबले आणि खड्डा पाण्याने भरला. एवढे पाणी पाहून मला वाटले, बीज सोडले की मासे होतीलच. तळ्यात सोडतात तसे कटला, रोहू आणि मृगल आम्ही सारख्या प्रमाणात सोडले.

वर्षाने जाळे ओढले. मासे थोडेच निघाले. कटला बरा होता, रोहू मध्यम, पण मृगलाचे डोके मोठे आणि अंग काटकुळे. मासे साफ करताना वस्तीतील एक आत्या म्हणाल्या, "भाऊ, इच्या पोटात तं काहीच नाही जी. नुसता गाळ."

आम्ही मग सगळ्यांचीच पोटे पाहिली. पावसाळ्यात नाल्यातून आपोआप आलेल्या लहान माशांच्या पोटात मुंग्या, पंखवाली वाळवी आणि पाण्यातले किडे होते. दोन मोठ्या मरळ माशांच्या पोटात आम्ही सोडलेली बोटुकली सापडली. आपल्या दानाचा काही भाग असा मरळीने खाल्ला!

नंतर मत्स्यशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी कारण समजावले. मासे वाढवण्याचे तळे साधारण 2 मीटर खोल असते. तिथे ऊन बरेच खोल जाते आणि तळाशी कुजलेला पाला व अळ्या असतात. मृगल तेच खातो. खदानीचे काठ मात्र भिंतीसारखे सरळ आणि पाणी फार खोल. तळाशी ऊन नाही, प्राणवायू कमी, म्हणून अन्नही नाही. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो, म्हणून तो तगला. रोहूला शेवाळ लागते, पण उथळ काठच कमी, मग शेवाळ धरणार कुठे?

चूक माशांची नव्हती. खायला काय आहे हे न पाहता बीज सोडणाऱ्याची होती.

आता आम्ही मृगल सोडत नाही. बीज वीतभर वाढवून मगच सोडतो, म्हणजे मरळीच्या तोंडी कमी जाते. काठाशी बांबू रोवले आहेत. त्यांवर शेवाळ धरते आणि रोहू ते खातो. झारखंडच्या रामगढ जिल्ह्यात कुजू भागात बंद खाणीच्या पाण्यात पिंजरे टाकून पंगास आणि तिलापिया वाढवतात. पण पिंजऱ्यातल्या माशांना रोज विकतचे खाद्य द्यावे लागते. तो खर्च आमच्या वस्तीला आज झेपणारा नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मेघालयातल्या कोळशात गंधक जास्त, म्हणून तिथले खाणीचे पाणी आंबट होऊन मासे मरतात. आपल्याकडच्या कोळशात गंधक कमी असते, म्हणून मासे जगतात. पण मासा जगला म्हणजे तो खाण्याजोगा झाला, असे नाही. जड धातू त्याच्या अंगात साठू शकतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. पाण्याचे आणि माशांचे नमुने तपासायला दिले आहेत. अहवाल येईपर्यंत लेकरांना हा मासा द्यायचा नाही, असे बायांनीच ठरवले. घरात दुसरे कालवण नसताना घेतलेला हा निर्णय आहे.

म्हणून या वर्षी मी बीजासाठी मागत नाही. दर वर्षीच्या तपासणीसाठी आणि जाळे टाकणाऱ्यांच्या जीवरक्षक जाकिटांसाठी मागतो. त्या सरळ काठावरून पाय घसरला तर वर यायला जागा नाही. जमीन अजून कंपनीच्या ताब्यात आहे. मासेमारीच्या परवानगीचे पत्र दर वर्षी नव्याने मागावे लागते, त्यासाठीही प्रार्थना करा.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21 व्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू काठावर उभा राहून शिष्यांना आधी विचारतो, तुमच्याजवळ खायला काही आहे का? जाळे कुठे टाकायचे, ते तो नंतर सांगतो. मी आधी जाळे टाकले आणि प्रश्न नंतर विचारला. त्या आत्यांनी मला तो क्रम पुन्हा शिकवला.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो. आमेन.