दोन आसनांची मोटार आणि तिसरा माणूस

अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या हमरस्त्यांवर एक पट्टा राखून ठेवलेला असतो. त्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची पांढरी खूण काढतात. नेमलेल्या वेळांत या पट्ट्यातून एकट्या माणसाने मोटार न्यायची नाही. कुठे किमान दोन माणसे हवीत, कुठे तीन. कॅलिफोर्नियात नियम मोडणाऱ्याला किमान 490 डॉलर दंड होतो, म्हणजे गंमत नव्हे.

हे का केले? तिकडे कामावर जाणारे बहुतेक लोक मोटारीत एकटेच असतात. तीन शेजारी एकाच मोटारीतून गेले, तर रस्त्यावरच्या दोन मोटारी कमी झाल्या. सोपा हिशेब आहे.

आता गुरुजी, हा प्रश्न वर्गात घालून पाहा. पट्टा तीन माणसांचा आहे आणि मोटारीला आसनेच दोन आहेत. दोघे बसले. त्यांना जाऊ द्यायचे की नाही?

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या 80 क्रमांकाच्या हमरस्त्यावर यांना जाऊ देतात. मोटार भरली, आणखी काय करणार! मात्र आसने दोनच असावीत ती कारखान्यातून निघतानाच. घरी मागची बैठक उपटून टाकली आणि ‘आमची दोघांचीच गाडी’ म्हटले, तर चालत नाही. आपल्याकडच्या वडापच्या जीपवाल्याला असा प्रश्न कधी पडायचाच नाही. त्याच्या लेखी गाडी भरली असे कधी होतच नाही.

पण मुलांपैकी एखादा चुणचुणीत मुलगा विचारील, “गुरुजी, पाच आसनांच्या मोटारीतही दोघेच बसले तर? माणसे तेवढीच, रस्ताही जवळजवळ तेवढाच अडला. मग त्यांना का अडवता?” मला वाटते, त्याचे म्हणणे खोडता येत नाही. या सवलतीत गर्दी कमी करण्याचा हेतू थोडा बाजूला पडतो. ज्याला तिसरा माणूस घेणे शक्यच नाही, त्याला शिक्षा नको, एवढाच विचार उरतो. अशा मोटारी थोड्या, म्हणून ते खपून जाते.

ही सूट सर्वांना दिली तर काय होते, तेही घडून गेले आहे. लॉस एंजेलिसजवळ एल मॉन्टेच्या राखीव रस्त्यावर 2000 सालच्या जानेवारीपासून तीनऐवजी दोन माणसे पुरे, असे ठरले. पट्टा इतका तुंबला की बसगाड्याही त्यात अडकल्या. त्याच वर्षी जुलैत गर्दीच्या वेळेपुरता तिनाचा नियम परत आणावा लागला.

मोटारसायकलवाला मात्र एकटा असला तरी चालतो. तान्ह्या मुलाला कॅलिफोर्नियात पुरा एक माणूस धरतात. शेजारच्या आसनावर टोपी घातलेला पुतळा बसवून जाणारेही पोलिसांना सापडले आहेत. पुतळा मोजत नाहीत.