कुणाला सांगायचं, हे ती ठरवेल



कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये मराठी बोलणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना एकत्र आणणं सोपं नव्हतं.  अध्यक्षपद मला दिलंत, त्याबद्दल कृतज्ञ आहे.

अध्यक्षाने व्यवसायाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो थोडक्यात असा. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२चा, आणि मानसशास्त्रज्ञांपैकी त्या परिषदेच्या नोंदवहीत येतात ते चिकित्सा आणि पुनर्वास मानसशास्त्रज्ञ. बाकीच्या मानसशास्त्रज्ञांना कायद्याच्या कक्षेत आणायची सोय २०२१च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने केली. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा, अमलात आला मे २०१८मध्ये. अभ्यासक्रम, परवाने, ऑनलाइन समुपदेशन यांवर उद्याच्या सत्रांत माझ्यापेक्षा जाणकार माणसं बोलणार आहेत. मला आज गोपनीयतेवर बोलायचं आहे. खरं तर बरीच वर्षं बोलायचं होतं.

सकाळच्या चर्चासत्रात पुन्हा तेच ऐकलं. आपल्याकडे कुटुंब एक असतं, व्यक्ती सुटी नसते, म्हणून पाश्चात्त्यांची गोपनीयता इथे जशीच्या तशी चालत नाही. आईवडिलांना, सासरच्यांना थोडं सांगावंच लागतं. सांगलीत मी तीस-एक वर्षं प्रॅक्टिस करते आहे आणि एवढी सगळी वर्षं हे ऐकते आहे. विद्वान माणसं म्हणतात, भली माणसं म्हणतात. मला ते मुळीच मान्य नाही.

एक बाप आपल्या बावीस वर्षांच्या मुलीला घेऊन आला. लग्नाला तयार होत नाही, एवढीच तक्रार. मुलगी तासभर बोलली. ती बाहेर गेली आणि बाप आत आला. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, “मॅडम, आमच्या घरात लपवाछपवी नसते. ती काय म्हणाली ते सांगा.” मी नाही म्हटलं. तो चिडला, फी टेबलावर ठेवून निघून गेला. वर्षाच्या आत तोच गृहस्थ एकटा आला. शेअर बाजारात पैसे बुडाले होते, घरावर कर्ज काढलं होतं, झोप उडाली होती. त्याचं पहिलं वाक्य होतं, “हे घरी कळता कामा नये.” मी म्हटलं, नाही कळणार. आणि कळलं नाही.

हे मी अपवाद म्हणून सांगत नाही, अशी माणसं मी सतत पाहत आले. कुटुंब एक असतं ही आपली संस्कृती असेल, तर ती सुनेच्या, मुलीच्या, वयात आलेल्या पोराच्या बाबतीतच का आठवते? कमावत्या पुरुषाचं दारूचं, कर्जाचं, बाहेरच्या संबंधांचं बोलणं आपण त्याच्या बायकोला व्हरांड्यात उभं राहून सांगतो का? एकाही सहकाऱ्याने तसं केल्याचं मी ऐकलेलं नाही. तिथे आपल्याला आचारसंहिता तोंडपाठ असते. म्हणजे गोपनीयता परकी नाही. ज्याचं घरात वजन आहे त्याला ती आपण आजही बिनबोभाट देतो. ज्याचं वजन नाही, त्याच्या वाट्याला मात्र संस्कृती येते.

आणि परकी म्हणणाऱ्यांनी निदान या शहरात तरी ते म्हणू नये. देशातला मानसशास्त्राचा पहिला विभाग १९१६ साली इथल्या विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्तांच्या हाताखाली सुरू झाला. १९२२ साली गिरींद्रशेखर बोसांनी पारशीबागान गल्लीतल्या आपल्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. मनोविश्लेषणाची पद्धतच अशी, की एकाने बोलायचं आणि एकानेच ऐकायचं. कलकत्त्याची कुटुंबं तेव्हा काही सुटी नव्हती.

जिवाचा प्रश्न आला तर काय, असं मला विचारतात. तेव्हा सांगायचंच. पण किती, आणि कुणाला? तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराचा मुलगा होता, बारावीत नापास झालेला. जीव द्यायचा विचार पक्का होता, साधन ठरलेलं होतं. फवारणीच्या औषधांची खोली घराला लागून, किल्ली खुंटीला. मी त्याला म्हटलं, हे मला एकटीला ठेवता येणार नाही; कुणाला सांगू ते तू सांग. बापाचं नाव त्याने घेतलं नाही, मामाचं घेतलं. त्याच्यासमोर मी मामाला फोन लावला. औषधं आजच दुसऱ्या वस्तीवर हलवा, पोराला रात्री एकटं झोपू देऊ नका, आणि याला घेऊन उद्या माझ्याकडे या, एवढंच बोलले. मार्कांचं, मुलीचं, बापाच्या माराचं एक अक्षर नाही. २०१७च्या कायद्याचं तेविसावं कलम हेच सांगतं: धोका टाळायला लागेल तेवढीच माहिती. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराची खबर द्यायलाच हवी, तो २०१२चा कायदा आहे आणि तिथे मला वाद घालायचा नाही.

त्याच २०१७च्या कायद्याचं चौदावं कलम आपल्यापैकी किती जणांनी नीट वाचलं आहे? सज्ञान माणूस साध्या कागदावर सही करून किंवा अंगठा उठवून आपला प्रतिनिधी नेमू शकतो. तो नवरा असलाच पाहिजे, बाप असलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. मैत्रीण चालते, मामा चालतो. कुणालाच नेमलं नसेल तर कायद्यातला क्रम लागतो, नातेवाईक, मग काळजी घेणारी व्यक्ती, असा. आपण मात्र तो कागद पुढे करतच नाही, आणि जो सोबत आला तोच प्रतिनिधी असं धरून चालतो.

मोठ्या गोष्टी राहू द्या, आपल्या दवाखान्यांकडे पाहा. काउंटरवर अपॉइंटमेंटची वही उघडी पडलेली असते, नाव, गाव, मोबाइल नंबर, ‘पहिली वेळ की फेरतपासणी’. बसल्या बसल्या एखादी सासू चार पानं मागे उलटते आणि शेजारणीची सून कधी येऊन गेली ते तिला कळतं. माझ्या टेबलावर ती वही मी कित्येक वर्षांपासून ठेवत नाही. इथून टोटो रिक्षाने गेलं की आयटी कंपन्यांचं सेक्टर फाइव्ह आहे, तिथल्यासारख्या कचेऱ्यांत नोकरी करणारी तरुण मुलं पगार देणाऱ्यानेच नेमलेल्या समुपदेशकाकडे जातात. तिथे वही नसते, ‘अहवाल’ असतो. फी बाप भरो की कंपनी, बोललेला शब्द बोलणाऱ्याचाच राहतो. यावर मी तडजोड करणार नाही, आणि तुम्हीही करू नये अशी माझी विनंती आहे.

अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने १९५३ साली पहिली संहिता काढली, ती प्राध्यापकांनी खोलीत बसून लिहिली नव्हती. सभासदांना पत्रं पाठवून त्यांच्यापुढे उभे राहिलेले खरे पेचप्रसंग मागवले, हजारावर प्रसंग जमले, आणि त्यांतून कलमं निघाली. मराठीत आपण हे कधी केलं नाही. आता करू या. व्हरांड्यात कुणी काय विचारलं, तुम्ही काय उत्तर दिलंत, ते लिहून पाठवा. तालुक्याच्या गावात नुसतं नाव गाळून भागत नाही. ‘बँकेतल्या साहेबांची धाकटी सून’ एवढ्यावर अख्खं गाव ओळखतं, तेव्हा हुद्दा, गाव, मुलांची संख्या सगळं बदला. छाननीला दोघं-तिघं लागतील. त्यात सरकारी मनोरुग्णालयात काम केलेलं एक आणि शाळेत समुपदेशन करणारं एक माणूस हवं. नावं आपण जेवणाच्या सुट्टीत ठरवू.